मार्तंडरावांना थंडी वाजत नाही

मार्तंड केळुसकर स्वित्झर्लंडला जाऊन आले हे बोरिवलीत एखाद्याला ठाऊक नसेल, तर दोष त्याच्या कानांचा. कंपनीने नवं यंत्र घेतलं होतं, ते शिकायला म्हणून ऐन जानेवारीत सहा आठवडे त्यांना तिकडे धाडलं होतं. परत येऊन वर्ष होत आलं, तरी सांगणं चालूच होतं.

"शून्याखाली अठरा! आगगाडी डोंगरात अडकली, रुळांवर पुरुषभर बर्फ. म्हटलं, बसून काय राहायचं? घेतलं फावडं आणि उतरलो."

मग छप्पन सालच्या पौषात बोरिवलीतच थंडी पडली. डोंगराकडचा वारा कौलांतून शिरू लागला, खोबरेलाच्या बाटल्या गोठल्या, पारा पंचावन्न फॅरनहाइटवर उतरल्याचं पेपरात आलं. बैठ्या चाळीतली माणसं गोधड्या पांघरून अंगणातल्या शेकोटीभोवती बसू लागली. मार्तंडराव मात्र गंजिफ्रॉकवर फिरत होते. फिरणं भाग होतं. उभं राहिलं की गुडघे थडथडत.

शेजारचे अण्णा दिघे म्हणजे निवृत्त मास्तर. त्यांनी विचारलं, "तुम्ही गार पाण्यानेच करत असाल ना आंघोळ?"

"अर्थात!" मार्तंडराव म्हणाले, आणि त्या क्षणी त्यांची वाट लागली. चार दिवस ते मोरीत बादलीभर पाणी जमिनीवर दणादण ओतून, "हर हर गंगे" ओरडून, नुसते केस ओले करून बाहेर येत होते.

पण मास्तर कसला ऐकतोय! शनिवारी अण्णा म्हणाले, "उद्या सकाळी विहिरीवरच करा. पोरं बघतील, जरा धीट होतील."

रविवारी सगळी चाळ विहिरीपाशी जमली. मार्तंडराव पंचा लावून उभे राहिले. अण्णांनी स्वतः पाणी शेंदलं. पहिली कळशी अंगावर आली तेव्हा मार्तंडराव हसले. दुसऱ्या कळशीला हसू तोंडावर तसंच राहिलं, पण ओठ निळे झाले. तिसरी कळशी अण्णांनी उचलली मात्र, मार्तंडराव मटकन खाली बसले.

"नको! अण्णा, पाया पडतो. मला थंडी सोसत नाही. कधीच सोसली नाही!"

त्यांची बायको वनमाला गोधडी घेऊन धावली. त्यांना शेकोटीपाशी बसवलं, हातात आल्याचा चहा दिला. दात वाजायचे थांबल्यावर अण्णांनी हळूच विचारलं, "मग ते फावडं?"

"कसलं फावडं!" मार्तंडराव कपात बघत म्हणाले. "तिथे थंडी असते ती बाहेर. घरात, हाफिसात, गाडीत नुसती भट्टी! सहा आठवडे घामाने भिजत होतो मी. गाडी अडकली हे मात्र खरं. बाकाखालीच तापवायचं यंत्र. माझ्या अंगात दोन गंजिफ्रॉक, फ्लॅनेलचा सदरा, चार स्वेटर, वर ओव्हरकोट."

"काढायचा ना मग कोट!"

"काढणार कसा? खालचा स्वेटर बायकी होता. हिचाच. तांबडा, गुलाबाची फुलं विणलेला. निघताना पेटीतून गुपचूप उचलला होता."

थंडी पडल्यापासून आठवडाभर वनमाला तो स्वेटर शोधत शालीत वावरत होती. तिने डोळे वटारले.

"तासाभराने डोळ्यांपुढे अंधारी आली. शुद्धीवर आलो तर समोरची म्हातारी कोबीची पानं सोलावीत तसे माझे कपडे उतरवतेय, आणि गार्ड बाहेरून आणलेलं मूठभर बर्फ माझ्या टाळक्यावर चोळतोय. तेवढाच काय तो माझा नि बर्फाचा संबंध."

चाळ हसता हसता लोळायची बाकी राहिली. वर्षभर फावड्याची गोष्ट ऐकून जांभया देणारे लोक म्हणू लागले, "पुढे? पुढे?"

"पुढे काय! म्हातारी तांबड्या स्वेटरपाशी आली आणि थबकली. डब्यातल्या बायकांना हाका मारून गुलाब दाखवायला लागली. मी आत, आणि माझ्या पोटावर बोटं ठेवून टाके मोजतायत!"

"आणि आता कुठाय तो?" वनमालेला राहवेना.

मार्तंडरावांनी गोधडी नाकापर्यंत ओढली. "दिला."

"दिलात?"

"माझी भाषा तिला येईना, तिची मला. तिने तो छातीशी धरला आणि मान हलवत राहिली. काढून घ्यायचा कसा?"

सगळे वनमालेकडे बघू लागले. आता ह्यांची धडगत नाही असं अण्णांनाही वाटलं. पण वनमालेने पदर सावरला, आणि समोर बसलेल्या, चाळीतल्याच कुंदाताईंना म्हणाली, "दोन महिने लागले होते हो मला त्या गुलाबांना. सुई दोनदा मोडली."

"मग! उगीच का गोऱ्या बायका टाके मोजतात?" कुंदाताई म्हणाल्या. "मला शिकव ना गं. लोकर मी आणते."

मार्तंडरावांनी गोधडीतून हात बाहेर काढला. "आणखी अर्धा कप मिळेल?"

"चुलीवर आहे. घ्या ओतून," वनमाला म्हणाली, आणि सुया शोधायला घरात गेली.