शहाणी पोर

नणंद विद्यापीठात बालविकास आणि कुटुंब अभ्यास शिकायला म्हणून भावाकडे राहायला आली, आणि महिन्याभरातच वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. ही सारखी चिमणीकडे बघत बसायची. चिमणी म्हणजे वहिनीची तीन वर्षांची लेक. जेवताना बघे, खेळताना बघे. दार वाजलं की तेव्हा तर हमखास.

"माझ्या लेकीवर प्रयोग चाललेत का गं?" शेवटी वहिनीने विचारलंच. "वर्गात आमच्या घराची लक्तरं टांगणार असशील, तर आधीच सांग."

"तसं नाही, वहिनी."

"मग कसं?"

नणंद कपड्यांच्या घड्या घालत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "दादा येतो तेव्हा तू स्वयंपाकघरात असतेस. एकदा बाहेर येऊन चिमणीकडे बघ."

वहिनीचं डोकंच फिरलं. सख्ख्या भावाच्या संसारात काडी टाकायला निघाली ही! तरी संध्याकाळी दाराबाहेर नवऱ्याची पावलं वाजली, तशी ती स्वयंपाकघराच्या दाराआड उभी राहिली. चिमणीने ठोकळे एकेक करून, अजिबात आवाज न करता, सोफ्याखाली सारले आणि हात मांडीवर ठेवून बसली.

"बघ, किती शहाणी पोर!" नवरा बूट काढत म्हणाला.

हे कौतुक वहिनी रोज स्वयंपाकघरातून ऐकायची. नवऱ्याच्या सुट्टीच्या दिवशी ती दुकानात कामाला जाई, तेव्हा लेक बापाजवळच असे.

सकाळी अंघोळीला नेलं तर चिमणी न्हाणीघराच्या दारातच, बाहेरच्या कडीकडे बघत अडली. "मी आवाज नाही केला," म्हणाली.

"बाबा कडी लावतात?" वहिनीने विचारलं.

चिमणीने होकारार्थी मान हलवली.

"थोडा वेळ कोंडलं तर काय आभाळ कोसळलं?" वहिनीने जाब विचारला तसा नवरा उसळला. "आमच्या बाबांनी आम्हालाही असंच वळण लावलं. काय बिघडलं आमचं?"

"मला विचार ना," नणंद म्हणाली. "लिफ्ट सोडून पाच मजले चढून येते, दादा, ती काय हौस म्हणून?"

वहिनीने पेचकस आणला, बाहेरची कडी काढली आणि केराच्या डब्यात टाकली.

पुन्हा असं होणार नाही, असं नवऱ्याने कबूल केलं. वहिनीही "बरं" म्हणाली. पण अजूनही ती दुकानातून कधी लवकर येते, कधी उशिरा. आणि आतून पोरीचा दंगा ऐकू येईपर्यंत दाराला कान लावून उभी राहते.