कानिफनाथ मला सापडेना

मित्रांनो, मी एक जुनी जादूची कांडी आहे. लाकडाची नव्हे हं, कॉम्प्युटरमधली! फोटोतल्या एखाद्या रंगावर मला टेकवा, त्या रंगाचा सगळा भाग मी क्षणात पकडते. मग तो पुसा, नाहीतर उचलून दुसऱ्या फोटोत ठेवा, तुमची मर्जी.

माझा जन्म दूर परदेशात झाला, पण नाव कमावलं ते भिंगारमध्ये, वैजनाथ यांच्या फोटो स्टुडिओत. १९९८ साली मी तिथे आले. यशोधराताई कॉम्प्युटर चालवायच्या. त्याआधी त्या ब्लेडने फोटो कापून चिकटवायच्या आणि बोटंही कापून घ्यायच्या. मी आले आणि निळ्या पडद्यासमोरचा नवरदेव माउसच्या एका टिचकीत थेट काश्मिरात उभा राहू लागला! लोक तोंडात बोट घालायचे. मी फुगायची. का फुगू नये? होतेच मी तशी.

पुढच्याच वर्षी केशरबाई आल्या. त्यांच्या हातात लेकीच्या लग्नातला घरच्यांचा फोटो होता. नवरीच्या शेजारी एका माणसाएवढी मोकळी जागा होती. थोरला कानिफनाथ फौजेत, त्याला सुट्टी मिळाली नव्हती. म्हणून त्याची जागा सोडून सगळे उभे राहिले होते. त्याने पत्रातून पाठवलेला एकुलता एक फोटोही त्यांनी आणला होता.

"ती मोकळी जागा बघवत न्हाई गं पोरी," केशरबाई म्हणाल्या. "काळजात चर्र हुतं. माझं लेकरू तितं उभं कर. तवाच भिताडाला लावीन."

"पाच मिनिटांचं काम, मावशी," ताई म्हणाल्या. माझ्याच जिवावर म्हणाल्या!

कानिफनाथ दाट झुडपांत उभा होता, अंगात हिरव्या-तपकिरी ठिपक्यांची वर्दी. दोन्ही फोटो कॉम्प्युटरात घेऊन ताईंनी मला त्याच्या बाहीवर टेकवलं. मी बाहीबरोबर अर्धं झुडूप पकडलं. पुन्हा टेकवलं, तर छातीबरोबर पानं आली. अहो, झाडीत दिसू नये म्हणूनच शिवलेले ते कपडे! शत्रूला न दिसणारा माणूस मला कुठून दिसणार? त्याच्या पायाशी टेकवलेली काळी बंदूक मात्र मी अख्खीच्या अख्खी पकडली.

"आगं बया, बंदूक कशाला?" केशरबाई ओरडल्या. "भैनीच्या लग्नात हाय तो!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस सोडून मी बंदूक उचलली होती.

ताईंनी मला बाजूला ठेवलं आणि माउसने हातानेच रेघ ओढायला घेतली. पण पानं कुठे संपतात आणि खांदा कुठे सुरू होतो, ते त्यांनाही कळेना. तेव्हा केशरबाईंनी खुर्ची पुढे ओढली आणि कॉम्प्युटरच्या काचेवर बोट ठेवलं. काचेला कुणी बोट लावलं की ताई खेकसायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी माउस त्या बोटाशी नेला.

"ह्यो डावा खांदा. जरा खाली हाय बघ, ल्हानपनी पान्याची घागर त्याच खांद्यावर आनायचा. आन् हितं कोपर. पान न्हाई ते, कोपर हाय."

बोट पुढे आणि रेघ मागे, असं दोन तास चाललं. आणि कानिफनाथ झाडीतून बाहेर आला. लग्नघरात एकटाच वर्दीत, पण बहिणीला खेटून उभा. केशरबाईंनी पदर तोंडाला लावला. "आला गं," एवढंच म्हणाल्या. बंदूक झाडीतच राहिली.

मित्रांनो, आता माझ्या धाकट्या बहिणी आल्यात. रंग दाखवावा लागत नाही, एका टिचकीत अख्खा माणूस उचलतात. उचलू द्या, घराणं माझंच आहे! आणि मीही अजून कामाला पक्की आहे, मला अडगळीत टाकू नका. फक्त टिचकी मारण्याआधी, फोटो घेऊन आलेल्या माणसाला शेजारी खुर्ची द्या. आणि त्याने काचेवर बोट ठेवलं, तर खेकसू नका.