बुडाला पोचा असलेला लाडका फ्लास्क

मी एक जुना काचेचा फ्लास्क आहे, मित्रांनो. पाठ्यपुस्तकात मला शंकुपात्र म्हणतात, पण एवढ्या भारदस्त नावानं मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. सध्या माझा मुक्काम प्रयोगशाळेच्या कपाटावर, फुटक्या नळ्यांच्या शेजारी आहे.

कारखान्यात काच मऊ असताना कारागिराचा चिमटा जरा जास्त दाबला गेला आणि माझ्या बुडाला आतल्या बाजूनं पोचा आला. तपासणाऱ्यानं मला उजेडात धरलं, "चालतंय की," म्हणाला आणि खोक्यात टाकलं.

इथं आलो आणि इथं संशोधन करणाऱ्या एका ताईच्या हाती पडलो. ताई जिवाणूंच्या वाढीचं गणित मांडायची. माझ्यात ती पाणी ओतायची, त्यात दोन साखरा घालायची, एक ग्लुकोज आणि दुसरी दुधातली, आणि मग चिमूटभर जिवाणू सोडायची. जिवाणू मोठे चोखंदळ! आधी सगळं ग्लुकोज फस्त करायचे. ते संपलं की एकदम थांबायचे, कारण दुधातली साखर फोडायची हत्यारं त्यांना नव्यानं घडवावी लागत. ती तयार झाली की पुन्हा जोमानं वाढायचे. ही मधली थांबण्याची वेळ किती, हे आधीच सांगणारं समीकरण ताईला हवं होतं. मिश्र साखरेवर जिवाणू वाढवून औषध करणारा एक कारखाना त्यासाठी डोळे लावून बसला होता. ताईची नोकरी कंत्राटी होती. समीकरण जमलं तर ती कायम होणार होती.

हलवणाऱ्या यंत्रावर मी दिवसभर गोल गोल डुलायचो. माझ्यातले आकडे दर वेळी अगदी एकसारखे यायचे, म्हणून ताई मलाच उचलायची. भांडी धुणारे काका चिडवायचे, "ताई, बाकीच्यांनाही जरा कामाला लावा. नुसते धूळ खात पडलेत."

"नको हो काका. बाकीचे लहरी आहेत. हा माझा गुणाचा."

ते ऐकून मी काचेचा असूनही फुगायचो. पुढे समीकरण जमलं, टाळ्या वाजल्या, पेढे वाटल्यासारखा आनंद झाला. ताईच्या कायम होण्याचा कागद तेवढा यायचा राहिला होता. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग एकदा मी जंतू मारायच्या वाफेच्या भांड्यात अडकलेलो असताना ताईनं दुसरा फ्लास्क घेतला. त्यातले जिवाणू थांबले ते थांबलेच. समीकरणात सांगितलेली वेळ कधीच उलटून गेली, तेव्हा कुठं ते पुन्हा वाढायला लागले. तिनं तिसरा घेतला, चौथा घेतला. सगळीकडे तेच. शेवटी तिनं मला उलटं केलं आणि बुडावरून बोट फिरवलं. पोच्यापाशी बोट थांबलं. पोच्यावर आपटून माझ्यातलं पाणी जास्त उसळायचं, त्यात जास्त हवा मिसळायची आणि माझ्यातले जिवाणू लवकर सावरायचे.

ताई मला घेऊन स्टुलावर बसली. "म्हणजे मी जिवाणूंचं नाही, तुझंच गणित मांडत बसले होते रे," ती मला म्हणाली. तेव्हाच मी तडकलो असतो तर बरं झालं असतं.

विभागप्रमुखांनी सगळं ऐकून हात झटकले. "अहो मॅडम, एवढ्याशा पोच्यानं आभाळ कोसळतंय का? कारखान्याला देऊन तर टाका. पुढचं पुढे."

"सर, कारखान्याच्या टाकीतले जिवाणू नुसते थांबलेले असतील आणि समीकरणातली वेळ उलटली म्हणून ते मेले समजून तिथल्या लोकांनी अख्खी टाकी ओतून दिली तर? औषध आहे ते. त्याची कुणीतरी वाट बघत असणार."

ताईनं समीकरण मागे घेतलं. तिचं कंत्राटही पुढे वाढलं नाही.

निघायच्या दिवशी तिनं काचेवर ओरखडणारी लेखणी घेतली. काका म्हणाले, "फोडून टाकू का याला?"

"नको काका. त्याचा काय दोष? फक्त परत कुणी याच्यावर विसंबायला नको."

मग तिनं माझ्या पोटावर फुली मारली. लेखणी किरकिरत होती आणि ताईचे डोळे वाहत होते. रुमालानं तिनं माझ्यावरचा काचेचा चुरा पुसला आणि ती गेली. ज्या हातांनी मला सगळ्यात जास्त जपलं, त्याच हातांची ही फुली आहे. आता नवीन मुलं मला उचलतात आणि फुली दिसली की परत ठेवतात.

मित्रांनो, कुणीतरी आपलं लाडकं असणं वाईट नाही. पण लाडक्यालाही चारचौघांच्या रांगेत बसवत जा, त्यालाही उलटंसुलटं करून बघत जा. त्यात त्याचा अपमान नाही, उलट तीच खरी माया. तसं झालं असतं तर माझा पोचा पहिल्याच महिन्यात कळला असता, मी फुलदाणी म्हणून कुठंतरी सुखात राहिलो असतो आणि ताई आजही इथं असती. ती जिथं असेल तिथं तिच्या यंत्रावर आता पुष्कळ फ्लास्क डुलत असतील. त्यांत मी नसणार. मी नसावं हेच बरोबर आहे, तरी वाईट वाटतंच.