त्रिकोणाच्या खुणेची पुस्तके

शनिवार, ११ फेब्रुवारी १९९५, सायंकाळी पाच वाजून चाळीस मिनिटे. मीरा रोडला आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील वाचनालयात, ‘विज्ञान व अद्भुत’ अशी चिठ्ठी लावलेल्या लोखंडी कपाटात, दोनशे चौदा पुस्तके होती. मी ती दोनदा मोजली. वाचनालयाचे मालक शशिकांत यांनी नुकतेच सांगितले होते, की १९ तारखेच्या रविवारनंतर त्यांपैकी फक्त शंभर राहतील.

“अर्धा गाळा एसटीडी बूथला देतोय, काका. हे कपाट जाणार, छोटं येणार. फळ्या मोजल्यात मी, शंभरच मावतात. बाकीची काशीमीऱ्याचा रद्दीवाला टेम्पोतून नेईल.”

“कोणती शंभर?”

“ते तुम्हीच ठरवा. तुमच्याशिवाय या कपाटाला हात कोण लावतंय? दोन वर्षं बघतोय मी रोज संध्याकाळी.”

ही जबाबदारी मी विनातक्रार स्वीकारली, कारण निवडीची पद्धत माझ्याकडे तयार होती.

तंत्रविद्यालयातून पदविका घेतल्यानंतर चौतीस वर्षे मी दर्जा तपासनीस होतो. शेवटची आठ हाटकेशमधील व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका कारखान्यात. निवृत्त झाल्यावर वाचू लागलो. ओळखीचे चार विज्ञानकथाकार आठ महिन्यांत संपले आणि पुढचा लेखक कोणता, हा प्रश्न उभा राहिला. मुखपृष्ठावरून काही कळत नसे, कारण प्रत्येकावर अग्निबाण होताच. मलपृष्ठावर प्रत्येक लेखकाची सारखीच स्तुती. विनातपासणी माल घरी आणायचा आणि तीस पानांनंतर परत करायचा, असे सहा-सात वेळा झाले.

पद्धत सापडली ती पत्नीमुळे. अंबिकाला कादंबऱ्यांची नावे लक्षात राहत नाहीत. म्हणून वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात, पंचविसाव्या पानाच्या तळाशी, ती पेन्सिलीने एक ठिपका देते. तळमजल्यावरच्या दुर्गाबाई चांदणी काढतात. दुसऱ्यांदा तेच पुस्तक घरी येऊ नये, म्हणून वाचनालयाच्या बऱ्याच सभासद बायका असे करतात, हे मला तेव्हा प्रथमच समजले.

त्यानंतर डिसेंबर १९९३मध्ये मला त्रिकोण दिसला. एका वेधशाळेतील घड्याळ रोज एक सेकंद मागे पडते, अशा कादंबरीच्या एक्केचाळिसाव्या पानावर तो होता. बारीक, सुबक, तिन्ही बाजू सारख्या. ती कादंबरी मला अतिशय आवडली. पुढे आवडलेल्या आणखी दोन पुस्तकांत तोच त्रिकोण निघाला, मात्र एकात अठराव्या पानावर आणि दुसऱ्यात एकशे बाराव्या. ठिपका एकाच पानावर असतो, मग त्रिकोण का फिरतो? मी वहीत पृष्ठांक मांडून पाहिले. त्यांत कोणतेही गणित बसेना, आणि त्यावरूनच मला उलगडा झाला. आम्ही कारखान्यात ढिगातून कुठलाही एक नग उचलून तपासत असू आणि पसंत पडल्यास त्यावर शिक्का मारत असू. हा कोणी अज्ञात वाचक तसेच कुठलेही एक पान उघडून, तपासून, शिक्का मारीत होता.

तो कोण, हे मी कधी विचारले नाही. शिक्क्यावर तपासनिसाचे नाव नसते, क्रमांक असतो. आणि ते योग्यच आहे. चौदा महिने मी केवळ त्रिकोणाच्या मागे गेलो. पुस्तक उघडायचे, पाने चाळायची, त्रिकोण असेल तरच न्यायचे. एरवी ज्यांच्याकडे मी पाहिलेही नसते असे अनेक लेखक मला या खुणेने मिळवून दिले.

तेव्हा यादी करणे सोपे होते. तीन दिवसांत सर्व पुस्तके चाळली. त्रिकोण असलेली अठ्ठावन्न निघाली. त्याच लेखकांची, पण खूण नसलेली, बेचाळीस होती. बेरीज बरोबर शंभर. उरलेली एकशे चौदा पुस्तके रद्दीच्या यादीत लिहिली आणि बुधवारी शशिकांतांनी ती दारावर चिकटवली.

गुरुवारी सकाळी दहा वाजता शशिकांतांच्या पत्नी मंदाताईंनी खालून हाक मारली. सकाळी वाचनालयात त्या बसत, संध्याकाळी शशिकांत.

“काका, जरा खाली या! तुमच्या यादीवरून एक ताई आल्यात. मला आवरत नाहीत.”

खाली पस्तिशीच्या एक बाई दारावरची यादी काढून हातात घेऊन उभ्या होत्या. पंचशीला वाघमारे, भाईंदरच्या एका शाळेत शिक्षिका, माहेर परभणीकडचे. शाळा दुपारची, म्हणून पुस्तके सकाळी बदलत. त्यामुळे आमची कधी गाठ पडली नव्हती आणि शशिकांतांनाही त्यांची कल्पना नव्हती.

“ही यादी तुम्ही केली?” त्यांनी विचारले.

“हो.”

“निर्मला खोपकरांचे पाचही भाग रद्दीत? काका, मी तिसऱ्यात आहे! राणी आत्ता कुठं पाण्याखालच्या दरवाज्याशी पोचलीय, आणि तुम्ही दरवाजाच टेम्पोत घालताय? चौथा-पाचवा भाग मी कुठं शोधायचा? दुकानात मिळत नाही तो आता, मी विचारून आलेय.”

“यादी मनाने केलेली नाही,” मी म्हणालो. “त्या पाचही भागांवर खूण नाही.”

“कसली खूण?”

“त्रिकोण.”

त्यांनी यादी टेबलावर ठेवली. “पेन्सिलीचा? पानाच्या खाली? तो मीच काढते.”

मला इतका आनंद झाला, की मी नमस्कार केला. “बाई, चौदा महिने मी आपल्या पसंतीवर विसंबून वाचतो आहे. आपली निवड उत्तम आहे.”

“पसंती? अहो काका, जिथं कंटाळा येतो तिथं त्रिकोण काढते मी. इथं हात टेकले, पुढं जायचं नाही. चुकून तेच पुस्तक परत नेलं तर कळावं म्हणून.”

मंदाताई टेबलावर डोके ठेवून हसू लागल्या. “म्हणजे चौदा महिने काका नापास मुलांनाच पहिला नंबर देत होते!”

मी कपाटातून घड्याळाची कादंबरी काढली आणि एक्केचाळिसावे पान उघडले. घड्याळ उघडून त्यातील दात्यांचे वर्णन त्याच पानावर सुरू होत होते.

“तेच!” पंचशीलाबाई म्हणाल्या. “पुढं चाळून बघितलं, चाळीस पानं तो माणूस दाते मोजत बसतो.”

“मोजमाप अगदी बिनचूक आहे.”

“असेल ना. मी कुठं म्हटलं चुकलंय म्हणून?”

माझ्या वहीतील सर्व पृष्ठांक मी त्यांच्यासमोर एकेक तपासले. अठराव्या पानावर इंजिनाचा आराखडा होता, एकशे बाराव्यावर हवेच्या दाबाचे कोष्टक. त्या जिथे थांबत, नेमके तिथून माझे पुस्तक सुरू होत असे.

कारखान्यात मोजमापाचे गेजच चुकीचे निघाले, तर त्याने तपासलेला संपूर्ण लॉट पुन्हा तपासतात. मी रद्दीत काढलेल्या एकशे चौदांपैकी एकही मी पूर्ण वाचले नव्हते. खोपकरांचा पहिला भाग त्याच सकाळी घरी नेला. पाण्याखाली माणसे श्वास कसा घेतात, याचे एका ओळीचेही स्पष्टीकरण त्यात नाही. ही गंभीर त्रुटी मी वहीत नोंदवली. तथापि, नव्वदाव्या पानावर राणी स्वतःचा आवाज गहाण ठेवते, तिथे मी थांबू शकलो नाही.

“चहावर साय धरलीय,” अंबिका म्हणाली. “त्रिकोण न बघता वाचताय वाटतं?”

शनिवारी संध्याकाळी दोनशे चौदा पुस्तके वाचनालयाच्या फरशीवर मांडून आम्ही बसलो. शशिकांत शंभरावर एकही वाढवायला तयार नव्हते. निम्मी-निम्मी करावीत, असे मी सुचवले. पंचशीलाबाई माझी जुनी यादी वाचत होत्या.

“काका, दोनशे चौदा पुस्तकांचे लेखक किती?”

मी मोजले. “सत्त्याऐंशी.”

“आणि तुम्ही ठेवलेल्या शंभरांत?”

“एकोणतीस.”

“मग नवा लेखक शोधायला उद्या कोणी आलं, तर त्यानं शोधायचं कुठं? वर्गात मी प्रत्येकाला एकदा तरी वाचायला उभं करते. चांगलं वाचणाऱ्यालाच रोज उभं केलं, तर बाकीच्यांचा आवाज कसा आहे ते मला कळणार कधी?”

यातून मला नियम मिळाला. प्रत्येक लेखकाचे किमान एक पुस्तक राहील. सत्त्याऐंशी जागा गेल्या, तेरा उरल्या. खोपकरांचे उरलेले चार भाग त्यांत धरावेत, असे मीच म्हणालो, कारण पाच भागांची गोष्ट हा एकच नग आहे.

“राहिलेल्या नऊ तुमच्या,” त्या म्हणाल्या. “दातेवाले घ्या हवे तेवढे.”

“मला दुसरा भागही हवा आहे,” मी म्हणालो. “खोपकरांचा.”

“कुठवर आलात?”

“पहिला संपला. श्वासाचा खुलासा पुढे आहे का?”

“नाही. शोधू नका, गोष्ट निसटेल.”

माझ्या जुन्या शंभरांतील बासष्ट पुस्तके मी स्वतःच्या हाताने रद्दीच्या ढिगात ठेवली. घड्याळवाल्या लेखकाची तीन होती, त्यांतले एक ठेवले. ते पंचशीलाबाईंपुढे करून मी ब्याऐंशिवे पान उघडून दिले. “दाते इथे संपतात. इथून वेधशाळेतली माणसे बोलू लागतात.”

“मधली पानं सोडून वाचलं तर चालतं तुम्हाला?”

“मला चालणार नाही. तुम्हाला चालावे.”

“बघते,” त्यांनी पुस्तक पिशवीत टाकले. “वचन नाही.”

रविवार, १९ फेब्रुवारी १९९५, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी टेम्पो गेला. रद्दीत गेलेली पुस्तके एकशे चौदा. राहिलेले लेखक : सत्त्याऐंशी.