लामोसच्या पुलावरचा सेनापती

मरिआनोस होता ख्रिस्ती बादशहाच्या फौजेतला साधा कोमेस, म्हणजे दोनशे माणसांचा म्होरक्या. त्यातलेही निम्मे कापणीच्या दिवसांत गायब. बायको अँथुसा उठता-बसता टोमणा मारायची, "माझा भाऊ सेनापती झाला, तुम्ही हाका दोनशे मेंढरं!" म्हणून तार्सूसच्या अरबांनी त्याला लढाईत पकडून हुद्दा विचारला, तेव्हा गडी छाती फुगवून म्हणाला, "स्त्रातेगोस! अख्ख्या सुभ्याचा सेनापती!"

शेजारी बांधलेला त्याचा स्वयंपाकी पोथोस चाटच पडला. "धनी, काय बोलताय काय?"

"गप रे! सेनापतीला कोठडीत टाकत नाहीत."

खरंच नाही टाकलं. तीन वर्षं गादी, मटण, मऊ पाव. पोथोस बिचारा बाकीच्यांबरोबर दगड फोडायचा आणि सातूची भाकरी चावायचा. भेटला की मरिआनोस त्यालाच सुनावायचा, "बघ, हुद्दा कसा मिरवायचा असतो ते!"

मग ठरली कैद्यांची अदलाबदल. सरहद्दीवरच्या लामोस नदीवर दोन पूल बांधले. एकावरून आपला एक सुटायचा, त्याच वेळी दुसऱ्यावरून त्यांचा एक. शिपायाला शिपाई, हुद्द्याला हुद्दा. पलीकडच्या काठावर अँथुसा उभी होती. तिची निळी ओढणी मरिआनोसने लांबूनच ओळखली. कधी एकदा पलीकडे जातो असं झालं त्याला.

पोथोसचं नाव लगेच निघालं. मरिआनोसच्या नावाशी मात्र अरब कारकून थबकला. "सेनापतीच्या बदल्यात आमचा तेवढाच मोठा अमीर हवा. तुमच्या लोकांच्या कैदेत अमीर नाही. बसा."

"अहो, मी कसला सेनापती-बिनापती! साधा कोमेस आहे!"

कारकून हसला. "पुलाशी आले की सगळेच साधे होतात."

"पोथोस, सांग ना रे यांना!"

"देवाशप्पथ साहेब," पोथोस कळवळून म्हणाला, "हा आणि सेनापती? घोडासुद्धा सासऱ्याचा आहे हो! नुसता थापाड्या!"

कारकुनाचे डोळे पाणावले. "इमानी नोकर असावा तर असा. धन्यासाठी किती खोटं बोलतोय!"

पोथोसला पुलावर ढकललं. अर्ध्यावर जाऊन तो वळला. "धनी, बाईसाहेबांना काय सांगू?"

मागे शिपायाने अदबीने गादी अंथरली होती. मरिआनोस तिच्यावर मटकन बसला आणि हमसून हमसून रडला.

"सांग," तो ओरडला, "तुमचे मालक सेनापती झाले म्हणावं!"