एक्केचाळीस सकाळी

देवश्रीच्या कार्डावर एक्केचाळीस दिवस उरले होते. बाळंतपणासाठी तिनं ते थांबवले, आणि पुन्हा जायला निघाली तर अश्विनभाऊंच्या लेडीज फिटनेस सेंटरचं छतच गळायला लागलं. चार महिने कुलूप. दिवस कुठं जात नाहीत, जमा आहेत, असं ते भेटेल तिला सांगायचे. सात महिन्यांच्या लेकीला थोपटताना देवश्री ते दिवस मनात जपत राहिली. सकाळी सहा ते सात. त्या तासात कुणाची सून व्हावं लागत नसे. नुसते हात वर, हात खाली. नवी फी घरातून मिळणं तर स्वप्नातही शक्य नव्हतं.

मग सेंटर उघडलं. दारावर हिंदीत छापील सूचना लागली: थांबलेल्या सदस्यांनी तीन दिवसांत स्वतः येऊन कार्डावर उरलेले दिवस लिहून घ्यावेत, नाहीतर सदस्यता संपली.

आणि तीन दिवस कोणते, तर महालक्ष्म्या बसण्यापासून उठेपर्यंतचे! या दिवसांत मध्य प्रदेशातल्या या बालाघाटची मराठी बाई पुरणाचा हात धुऊन रेल्वे फाटकापलीकडच्या सेंटरात जाईल, असं ज्यानं जन्मभर पुरण फक्त खाल्लं त्यालाच वाटू शकतं. अश्विनभाऊ देवश्रीच्याच मोहल्ल्यात वाढले. घरी ज्येष्ठा-कनिष्ठा बसायच्या तेव्हा हे साहेब आरशासमोर दंड फुगवत असणार. नागपूरला पंधरा दिवसांचं मॅनेजमेंट शिकून आले होते म्हणे. सेंटर उघडायचा मुहूर्त पंडितजींना विचारला. बायकोला विचारायचं काही त्या पंधरा दिवसांत शिकवलं नसावं.

देवश्रीनं सासूबाईंकडे अर्धा तास मागून पाहिला. महालक्ष्म्या दारात असताना उड्या मारायला चाललेली सून त्यांनी अजून पाहिली नव्हती, आणि पाहायची इच्छाही नव्हती. संध्याकाळी शेजारच्या बायका सजावट बघायला आल्या. कालिंदीताई, श्रद्धा, सगळ्यांचं रडगाणं तेच. देवश्रीनं प्रत्येकीकडून कार्ड मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासऱ्यांच्या आमंत्रणावरून अश्विनभाऊ जेवायला आले. आजचं हे चौथं घर, असं अभिमानानं सांगून पाटावर बसले. सोळा भाज्या, आंबील, सगळं चापलं. तिसरी पोळी वाढून झाल्यावर देवश्रीनं ताटाशेजारी सात कार्डं आणि पेन ठेवलं.

"हे काय, वहिनी?"

"तुमच्या मेंबरायचे कार्ड. उरलेले दिवस लिहून द्या."

"अहो, नियम आहे. स्वतः याले लागते."

"आज तुम्ही चार घरी जेवले, भाऊ. चारही घरी तुमच्या मेंबरनंच वाढलं. याच्यापरीस स्वतः कसं येऊ?"

पंगतीत आधी सासरे हसले, मग बाकीचे. अश्विनभाऊंनी उष्टा हात वर करून दाखवला.

"डावा रिकामा आहे नं," देवश्री म्हणाली, आणि तुपाची वाटी घेऊन तशीच उभी राहिली.

दंडाचा सतरा इंच घेर सांगणाऱ्या त्या पहिलवानाला डाव्या हातानं एक्केचाळीस लिहिताना घाम फुटला. अक्षरं बालवाडीतल्यासारखी वाकडी. सातही कार्डं झाली. आत लेक रडायला लागली, तशी देवश्रीनं कार्डं पदराखाली घेतली.

"परवा सहाले उघडसान नं?"

"हौ," ते ताटाकडे बघत म्हणाले.