जुन्या प्रिंटरसाठी ठेवलेलं कुलूप

दवाखान्यातल्या मावशी टेबलाचा खण रिकामा करत होत्या. कंगवा निघाला, सुईदोरा निघाला, अर्धी विणलेली टोपी निघाली. वीस वर्षं त्यांनी पेशंटांची नावं पुकारली, पण कुणाचा आजार कधी ओठांवर आणला नाही. आणि आता शिवणकामवाल्या काकूंचा रिपोर्ट गल्लीभर मोबाईलवर फिरला होता. मावशींनीच तो फोडला, असं ठरून गेलं होतं.

"तुम्ही वायफाय एकदा बघून घ्या, दादा," डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या. "तुमचं काम चोखच असतं. पण उगाच मनाला टोचणी नको."

मी लॅपटॉप उघडला. खरं तर उघडायची गरज नव्हती. सहा वर्षांपूर्वी इथल्या जुन्या प्रिंटरला वायफायची माहिती कुलूपबंद करणारं नवं एन्क्रिप्शन कळेना, म्हणून सगळ्या दवाखान्याच्या वायफायला मी जुनाट, डब्ल्यूईपी पद्धतीचं लावलं होतं. ते नावालाच कुलूप. हवेतून जाणारी माहिती बाहेर बसून थोडा वेळ गोळा करा, किल्ली आपसूक हाती लागते. मला हे तेव्हाही ठाऊक होतं. प्रिंटर बदलला की बदलू, म्हटलं. प्रिंटर दोन वर्षांपूर्वी बदलला, मीच जोडला, चहा पिऊन निघालो. कुलूप तेच राहिलं.

राउटरच्या नोंदीत एक अनोळखी फोन होता. रिपोर्ट हवेतून प्रिंटरकडे गेला त्याच दुपारी, त्याच वेळेला.

"घाम फुटलाय रे तुला," मावशी म्हणाल्या. "पंखा वाढवू? तुझं यंत्र माझ्याहून म्हातारं दिसतंय, गरम होतं लगेच."

मी ती नोंद पुन्हा वाचली.

"पासवर्ड मी कुणाला दिला नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. चष्म्याच्या घरातून त्यांनी एक चिठ्ठी काढली. घड्यांवर झिजलेली, माझ्याच अक्षरातली. "तूच म्हणालास ना, जिवापाड जपा. लागेल तेव्हा वाचायची, की परत घडी."

गप्प राहिलो असतो, तर कुणाला कळलं नसतं.

"मॅडम, मावशींनी नाही. मी... माझ्यामुळे झालंय." आणि मग सगळं सांगितलं, प्रिंटरचंसुद्धा.

डॉक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, जाऊ नका. चुकलं माझं."

मावशींनी टोपी पुन्हा खणात ठेवली. चिठ्ठी मात्र माझ्यासमोर ठेवली.

"मग ही जपायला मला कशाला दिली होतीस, बाळा?"